सध्या वाचत असलेला गृहस्थ

वाचकांच्या अनेक जातींपैकी 'सध्या-वाचक' या जातीकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सध्या-वाचक म्हणजे असा गृहस्थ, की ज्याच्याकडे वर्षाच्या कोणत्याही दिवशी एक पुस्तक वाचावयास घेतलेले असते, ते घेतल्याची वार्ता पहिले पान उलटण्यापूर्वीच चार लोकांपर्यंत पोचलेली असते, आणि ते संपल्याची वार्ता मात्र कोणाच्याही कानी कधी आलेली नसते. ही जात पुण्यामुंबईतही आहे. परंतु तेथे ती पुस्तक प्रदर्शनांच्या आणि साहित्यसभांच्या गर्दीत मिसळून जाते. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन यासारख्या गावी, जेथे कोणाच्या पिशवीत काय आहे हे पिशवीच्या मालकाइतकेच शेजाऱ्यालाही ठाऊक असते, तेथे तिचे निरीक्षण अधिक नीट करता येते.

शिरपूरची ख्याती अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे आहे. अंतरिक्ष म्हणजे भूमीला न टेकता अधांतरी राहिलेली मूर्ती, अशी भाविकांची श्रद्धा आहे. अशा तीर्थाच्या गावी वाचनाला केवळ करमणुकीचा दर्जा मिळत नाही. जैन परंपरेत ग्रंथाध्ययनाला 'स्वाध्याय' असे नाव असून त्याची गणना तपात केली जाते, आणि तीही आभ्यंतर तपात, म्हणजे ज्याची कसोटी शरीरावर नव्हे तर मनावर लागते अशा तपात. उपवास हा या वर्गवारीत बाह्य तपात मोडतो. त्यामुळे फराळ करून पुस्तक घेऊन बसणाऱ्या माणसाला उपाशी माणसापेक्षा खोल तप केल्याचे समाधान शास्त्राधाराने लाभू शकते. ही वर्गवारी 'तत्त्वार्थसूत्र' या संस्कृत ग्रंथात येते. त्याच्या कर्त्याला श्वेतांबर उमास्वाती म्हणतात आणि दिगंबर बहुधा उमास्वामी, तथापि ग्रंथ दोघांनाही मान्य आहे. आणि ज्या गावातील या दोन पंथांमधल्या पूजाहक्काच्या तंट्याचा निकाल १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलला द्यावा लागला, त्या गावाच्या संदर्भात ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

त्याच सूत्रग्रंथात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत. ग्रंथाचा पाठ घेणे किंवा देणे ही वाचना, शंका विचारणे ही पृच्छना, वाचलेल्याचे मनाशी चिंतन करणे ही अनुप्रेक्षा, शुद्ध उच्चारासह पुन्हा पुन्हा आवृत्ती करणे हा आम्नाय, आणि समजलेले इतरांना सांगणे हा धर्मोपदेश. सध्या-वाचक जन्माने जैन असो, मराठा असो, बौद्ध असो की माळी, त्याच्या अभ्यासासाठी ही पाच खणांची मांडणी फार सोयीची पडते, कारण तो पहिल्या खणात जेमतेम पाऊल टेकवतो आणि मधल्या तीन खणांना वळसा घालून थेट पाचव्यात पोचतो.

या जातीचा सर्वांत परिपूर्ण नमुना कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यामागे सापडतो. शिक्षकांत आणि निवृत्त तलाठ्यांतही तो आहे, पण त्यांच्या श्रोत्यांना उठून जाण्याची मुभा असते. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी घ्यावयास आलेला शेतकरी पावती हातात पडेपर्यंत हलू शकत नाही, आणि पावती किती सावकाश फाडावी हे सर्वस्वी गल्ल्यामागच्या गृहस्थाच्या हाती असते. पुस्तक पावतीबुकाच्या शेजारी, मुखपृष्ठ गिऱ्हाइकाकडे करून ठेवलेले असते. गिऱ्हाइकाने सौजन्यापोटी "सध्या काय वाचून राह्यले भाऊ?" एवढे विचारावे, आणि "'मृत्युंजय' चालू हाये" या उत्तरापाठोपाठ कर्णावर झालेल्या अन्यायाचे असे विवेचन सुरू व्हावे, की युरियाचा भाव विचारणेही हलकेपणाचे वाटावे.

'मृत्युंजय'ची निवड अपघाताने झालेली नसते. शिवाजी सावंतांच्या १९६७ मधील या कादंबरीचा नायक शेवटी कोणाच्या बाणाने पडतो, हे महाराष्ट्रातील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यांच्याच १९७९ मधील 'छावा'विषयीही तेच म्हणता येईल. ज्या पुस्तकाचा शेवट सार्वजनिक मालकीचा आहे, त्यावर तिसऱ्या प्रकरणापासूनच अधिकाराने बोलता येते. रहस्यकथेच्या वाटेला सध्या-वाचक जात नाही, आणि त्याचे कारण तो अभिरुची हे देत असला तरी खरे कारण सावधगिरी हे आहे.

त्याचा मोठा बचाव क्रियापदाच्या काळात आहे. 'वाचले' असे म्हणणाऱ्या माणसाची परीक्षा घेता येते. त्याला एखाद्या पात्राचे पुढे काय झाले हे विचारता येते, आणि त्याने डोके खाजवले की उपस्थितांना काय समजायचे ते समजते. 'वाचतो आहे' असे म्हणणाऱ्याला मात्र कोणताही प्रश्न लागू पडत नाही, कारण प्रत्येक प्रश्नाला "थितलोक अजून पोचलो नाही" हे सभ्य आणि बिनतोड उत्तर तयार असते. अपूर्णता ही इतरांच्या बाबतीत उणीव ठरते. या गृहस्थाने तिचे कवच केले आहे. म्हणूनच पृच्छनेला तो घाबरत नाही, आणि म्हणूनच पुस्तक संपवण्याची त्याला घाईही नसते.

या कवचाला एकच पुस्तक भेदू शकते, आणि दुर्दैवाने ते गावातूनच आलेले आहे. १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार ज्यांच्या 'राघववेळ' कादंबरीला मिळाला आणि ज्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ते नामदेव कांबळे मूळचे शिरपूरचे. बाहेरगावच्या पाहुण्यासमोर शिरपूरकर सध्या-वाचक या दोन्ही सालांचा उच्चार एखाद्या कुलवृत्तांताप्रमाणे करतो. परंतु या कादंबरीचा शेवट महाभारतात आलेला नसल्याने आणि ती अथपासून इतिपर्यंत वाचलेली माणसे पंचक्रोशीत खरोखर असल्याने, तो तिचा उल्लेख 'सध्या वाचतो आहे' असा कधीही करीत नाही. तिच्यासाठी त्याने 'पुन्हा एकदा वाचायला काढणार आहे' असा एक वेगळाच भविष्यकाळ राखून ठेवला आहे.

खुणेचा विषयही लक्षात घेण्याजोगा आहे. पूर्वी पानात मोरपीस किंवा लग्नपत्रिकेचा तुकडा असे. आता एसटीचे यंत्रातून निघालेले तिकीट असते. या तिकिटाच्या कागदावरील अक्षरे उष्णतेने उमटलेली असल्यामुळे काही महिन्यांत फिकी होत जाऊन पुसली जातात, आणि त्यांच्याबरोबर तारीखही जाते. परिणामी पुस्तकाचे वाचन चालू पोळ्याला सुरू झाले की गेल्या पोळ्याला, हे सांगणारा एकमेव कागदोपत्री पुरावा आपोआप नष्ट होतो. महामंडळाने यंत्रे घेतली ती वेगळ्या हेतूने, पण या वर्गाची त्यातून मोठीच सोय झाली आहे. याउलट, मोबाइल त्याच्या हिताविरुद्ध जातो. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर तो उघडे पुस्तक, चष्मा आणि चहाचा ग्लास असे छायाचित्र लावतो. त्यात डावीकडे पाचपंधरा पाने आणि उजवीकडे विटेएवढा गठ्ठा दिसतो, आणि पंधरा दिवसांनी लावलेल्या दुसऱ्या छायाचित्रात केवळ चहा बदललेला असतो.

दिवाळी अंकांच्या काळात ही जात कळपाने दिसते. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाने सणाच्या फराळात छापील कागद सामील केला आहे. ग्रंथालयात मात्र अंक एक आणि सभासद अनेक अशी स्थिती असते. दोन सध्या-वाचकांना एकच अंक एकाच वेळी 'चालू' ठेवायचा असल्यास वेळा वाटून घेतल्या जातात, आणि या बाबतीत गावाचा पूर्वानुभव दांडगा आहे: मूर्तीच्या पूजेसाठी दोन्ही पंथांच्या पाळ्या ठरवणारे वेळापत्रक येथे १९०५ मध्येच झाले होते. अंकाचे वेळापत्रक त्यापेक्षा शांततेने पार पडते, बहुधा दोघांपैकी कोणालाही आपली पूर्ण पाळी वापरण्याची गरज पडत नसल्यामुळे.

एवढे असूनही हा गृहस्थ ढोंगी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे पुस्तकांवर खरेच प्रेम आहे. दमछाक होते ती फक्त वाचनात. दिगंबरांची श्रुतपंचमी ज्येष्ठात आणि श्वेतांबरांची ज्ञानपंचमी कार्तिकात येते; हे दोन्ही दिवस ग्रंथांच्या पूजेचे आणि जपणुकीचे आहेत, आणि त्या निमित्ताने पुस्तकांवरील धूळ झटकावी हे तत्त्व त्याने धर्माचा प्रश्न न करता उचलले आहे. शिवाय १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर शासनमान्य ग्रंथालयांची जी अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली, तीतील क आणि ड वर्गांच्या, म्हणजे एकदोन खोल्यांच्या व मोजक्या कपाटांच्या ग्रंथालयांना तो जाहिरातदार म्हणून फुकट लाभलेला आहे. बियाण्याच्या पावतीसाठी ताटकळलेला एखादा तरुण कर्णाची अर्धी हकीकत ऐकून उरलेली अर्धी शोधायला ग्रंथालयात जातो, देवघेवीच्या नोंदवहीत सही करतो आणि आठ दिवसांत पुस्तक संपवतो. मात्र ते परत करताना तो कोणालाही काही सांगत नाही. पुस्तके वाचणारी माणसे बहुधा अशी घुमी निघतात, आणि ती सगळीच घुमी राहिली असती तर पुस्तकांचे कोणाला काही कळलेच नसते.

सर्वांत घुमा वाचक सध्या-वाचकाच्या घरातच असतो. त्याची पत्नी दासगणूंच्या 'श्री गजानन विजय'चे एकवीस अध्याय एकआसनी पारायणात, म्हणजे एका बैठकीत न उठता, पुरे करणारी असते, आणि अशा स्त्रीला सातशे पानांच्या कादंबरीचे भय वाटत नाही. दुपारची भांडी आटोपली आणि तूर निवडून झाली की ती गल्ल्यावरून घरी आलेले पुस्तक उघडते, तिकीट ज्या पानात असेल ते पान ध्यानात ठेवते, आणि वाचन थांबवताना ते तिकीट पुन्हा त्याच पानात सरकवून ठेवते, जेणेकरून मालकाच्या प्रगतीत बाधा येऊ नये. रात्री जेवताना तो कर्णाविषयी बोलू लागला की ती "मंग त्याच्या बायकोचं कसं झालं?" असे एखादेच वाक्य टाकते, तो "थितलोक अजून पोचलो नाही" म्हणतो, ती भाकर वाढते आणि पुढचे सगळे सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर कर्णपत्नी वृषालीच्या दुःखावर जे भाषण होते, ते ऐकून गिऱ्हाईक चकित होते.

मुदत उलटून गेल्यावर पुस्तक ग्रंथालयात परत जाते तेव्हा ग्रंथपाल "झालं काय जी वाचून?" असे विचारतो, आणि सध्या-वाचक "अर्धं राह्यलं, पण मांगणारे लई हायेत, त्यायले वाचू द्या" असे औदार्याने सांगतो. मग तो कपाटासमोर बराच वेळ उभा राहून या खेपेला दोन खंडांचे पुस्तक निवडतो, पहिला खंड पिशवीत टाकतो, आणि दुसरा घरून निरोप देऊन मागवला जाईल तोवर बाजूला ठेवावा, अशी सूचना करतो.