हर्सूलच्या पुढची बस कोणाची?

सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल टी-पॉइंटवर उभे राहा. फुलंब्री, चौका, सावंगीकडून माणसे शहरात उतरत असतात. कॉलेजची पोरे, घाटी रुग्णालयात पेशंटला घेऊन निघालेले, कोर्टात तारीख असलेले, भाजीचे गाठोडे सांभाळणाऱ्या बाया. महापालिकेची हद्द कुठे संपते याच्याशी यांतल्या कोणालाही देणेघेणे नाही. कारभाऱ्यांचे मात्र सगळे त्या हद्दीवरच अडते.

जळगाव रस्ता एकच आहे, मालक किती ते मोजा. रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा. एसटी राज्याच्या महामंडळाची. शहर बस स्मार्ट सिटीच्या कंपनीची. काळी-पिवळी ज्याची त्याची. हर्सूल ओलांडले की सावंगीची ग्रामपंचायत, पुढे फुलंब्रीची नगरपंचायत. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे, पण ते एसटीपुरतेच. म्हणजे बाईचे भाडे आधी कोणती गाडी आली यावर ठरते. हे नियोजन नव्हे. आपल्या आयाबहिणींच्या कष्टाच्या पैशांशी चाललेली ही हेळसांड आहे.

खरा प्रश्न तोट्याचा आहे आणि तो कोणी मोठ्याने बोलत नाही. शहर बस सहसा फायद्यात चालत नसते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांनी २००७ मध्ये आपापल्या बससेवा मोडून पीएमपीएमएल ही एकच कंपनी केली, तेव्हा पुण्याने साठ टक्के आणि पिंपरीने चाळीस टक्के भार उचलायचा असे ठरले. भांडणे आजही होतात, पण देणे कोणाचे हे तिथे कागदावर आहे. आपली ‘माझी स्मार्ट बस’ डिसेंबर २०१८ मध्ये ज्या स्मार्ट सिटी अभियानाच्या जोरावर आली, ते केंद्राचे अभियान मार्च २०२५ मध्ये संपले. हद्दीबाहेरच्या फेरीचा तोटा कोणी लेखी स्वीकारला नसेल, तर काटकसरीच्या दिवशी तीच फेरी आधी कापली जाणार. सावंगीने, फुलंब्रीने आपला वाटा द्यावा, असे मी स्पष्ट म्हणतो. पण वाटा मागायचा तर वेळापत्रक ठरवताना त्यांना खुर्चीही द्यावी लागेल.

त्यासाठी नवा कायदा नको. ७४व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती दिली. पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक बाबी, त्यांत पायाभूत सोयींचा एकत्रित विकासही, बघून जिल्ह्याच्या विकास आराखड्याचा मसुदा करणे हे तिचे घटनेत लिहिलेले काम आहे. इथे ती निधीवाटपाची बैठक म्हणूनच माहीत आहे. त्यातही महापालिकेवर एप्रिल २०२०पासून आणि जिल्हा परिषदेवर मार्च २०२२पासून वर्षानुवर्षे प्रशासक. ज्यांनी गावाच्या बसबद्दल भांडायचे, ते निवडूनच आलेले नव्हते. शिवाय १० लाखांवरच्या शहरांत वाहतुकीचे एकच प्राधिकरण असावे, असे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ सालीच सांगून गेले. आपले शहर २०११च्या जनगणनेतच पावणेबारा लाखांचे होते.

चर्चा कशाची होते? शेंद्रा ते वाळूज उड्डाणपुलाची आणि मेट्रोची. उद्योगांना ती दिशा हवी, मान्य. पण उत्तरेकडून रोज येणारा माणूस त्या नकाशात कुठे आहे? शहराभोवतीच्या गावांसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन केले आहे. नव्या वसाहतींचे नकाशे मंजूर करताना तिथल्या माणसाने शहरात यायचे कसे, हे प्राधिकरणाने आधी विचारावे. घरे आधी आणि बस मागाहून, या क्रमाने बीड बायपासपलीकडे सातारा-देवळाईचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. सावंगीला त्याच वाटेने नेऊ नका.

माझी पहिली मागणी छोटी आहे. टी-पॉइंटवरून फुलंब्रीकडे रात्रीची शेवटची गाडी किती वाजता सुटेल, ती एसटीची की शहर बसची, आणि रिकामी गेली तर तिचा खर्च कोण किती भरेल, हे नियोजन समितीने पुढच्याच बैठकीत ठरवावे. वेळ थांब्यावर मोठ्या अक्षरांत लिहावी आणि खाली जबाबदार अधिकाऱ्याचा फोन नंबर द्यावा.