स्पेलिंगतात्या

गिरगावात मुगभाटापासून फणसवाडीपर्यंत कोणत्याही जुन्या चाळीत शिरावे. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, जिन्याच्या अगदी तोंडाशी, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यास निसटून जाणे सर्वथा अशक्य अशा मोक्याच्या जागी, एक आरामखुर्ची मांडलेली असते, आणि तीत फोर्टातील एखाद्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, पैरणीच्या खिशाला लाल-निळी पेन्सिल अडकवलेला, शेजाऱ्यांच्या इंग्रजीचा स्वयंनियुक्त फौजदार विराजमान असतो. त्याचे खरे नाव रेशनकार्डापलीकडे कोणास ठाऊक नसते; चाळीच्या लेखी तो ‘स्पेलिंगतात्या’.

तात्यांची तत्त्वप्रणाली थोडक्यात अशी, की दारू, जुगार आणि कुसंगती यांनी मनुष्याचा अधःपात होतो हा निव्वळ लोकभ्रम होय. तो होतो रूपाने सारख्या आणि अर्थाने भिन्न अशा इंग्रजी शब्दांच्या जोड्यांनी. या शास्त्रातील त्यांचे आद्यपीठ म्हणजे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला, आणि अंतिम प्रमाण म्हणजे रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण. त्यांपैकी रेनसाहेबाने मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केली होती, ही गोष्ट तात्या अशा आपलेपणाने सांगतात, की साहेबाचे पगारपत्रक दरमहा त्यांच्याच हातून गेले असावे असे ऐकणाऱ्यास वाटावे. याच साहेबाने १९२४ साली फ्रेंचांच्या परदेशी पलटणीवर ‘बो जेस्त’ ही साहसकादंबरी लिहून नाव कमावले, याचा उल्लेख मात्र ते वडीलधाऱ्या माणसाच्या एखाद्या व्यसनाचा करावा तसा, आवाज उतरवून करतात. ही भाषाच मुळी अशी घोटाळ्याची का, असे एखाद्या मॅट्रिकच्या पोराने विचारले, तर त्यावरही त्यांचा खुलासा तयार असतो : कॅक्सटनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, तेव्हापासून लिहिण्याची रीत हळूहळू कायम होत गेली, उच्चार मात्र पुढे दोन-तीन शतके बदलतच राहिले. “वही बंद केली आणि व्यवहार चालू ठेवला. मग रुजुवात जुळेल कशी?”

तात्यांच्या दफ्तरी नमूद असलेल्या गुन्ह्यांची संख्या मोठी आहे. गणेशोत्सवाचा जमाखर्च चाळीच्या फळ्यावर लागला, त्यात रोषणाईच्या रकमेपुढे ‘लाइटिंग’ लिहावयाचे ते चिटणिसाने ‘लाइटनिंग’ असे लिहून सव्वाशे रुपये मांडले होते. “सव्वाशे रुपयांत वीज पाडून घेतलीत? आणि मंडपास इजा नाही? कंत्राटदार कोण हो?” अशी जाहीर विचारणा करून तात्यांनी त्या होतकरू कार्यकर्त्यास पुढील तीन वर्षे फळ्यापासून दूर ठेवले. पहिल्या मजल्यावरील एका सद्गृहस्थाने पतपेढीस अर्ज लिहिला, की व्याज माफ होत असल्यास प्रिन्सिपल एकरकमी परत करण्यास मी राजी आहे. परंतु शब्दाच्या शेवटी ‘ए-एल’ हवे तेथे ‘एल-ई’ पडल्यामुळे मुद्दलाचे तत्त्व झाले होते. “परत करण्याजोगे आपल्यापाशी तेवढेच शिल्लक असेल, तर माझी हरकत नाही,” असा समासात शेरा मारून तात्यांनी मसुदा फिरवला. आणि एका लग्नपत्रिकेच्या तळाशी, ‘विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स’ या ओळीत, ‘आय’च्या जागी ‘ई’ शिरल्याने शुभेच्छांचे ‘पूरक’ झाले, तेव्हा खाली नावे छापलेली समस्त मामेमंडळी या कार्यात निव्वळ पुरवणीदाखल आहेत असा अर्थ निघतो, ही गोष्ट तात्यांनी निरपेक्ष ज्ञानदानाच्या बुद्धीने थोरल्या मामांच्या कानी घातली. परिणामी साऱ्या पत्रिका नव्याने छापाव्या लागल्या.

त्यांच्या पराभवाचा प्रसंग चाळीस एकच ठाऊक आहे. परळला पोयबावडीच्या अंगास वह्यापुस्तकांचे एक दुकान होते, व त्याच्या पाटीवर ‘स्टेशनरी’ या शब्दात ‘ई’च्या ठिकाणी ‘ए’ रंगवलेला होता. या ‘ए’मुळे शब्दाचा अर्थ ‘जागचे न हलणारे’ असा होतो, हे तात्यांनी दुकानदारास सविस्तर समजावून दिले. त्याने शांतपणे दौतीची पुडी बांधली आणि म्हटले, “मग बरोबरच हाय की, साहेब. बापाच्या येळेपासून दुकान हाय तिथंच हाय. हललंय कुठं?” तात्या निरुत्तर होऊन घरी आले, आणि रात्री मोठा कोश उघडून पाहतात तो काय, मध्ययुगात गावोगाव फिरणाऱ्या फेरीवाल्याहून निराळा, एका जागी ठाण मांडून बसणारा ग्रंथविक्रेता, त्यावरूनच हे नाव पडलेले, अशा दुकानदारांच्या लंडनमधील संघास १५५७ साली राजसनददेखील मिळालेली! दुसऱ्या दिवशी तात्या कोट-टोपी चढवून मुद्दाम परळला गेले, “पाटी चुकीचीच आहे, पण चूक खानदानी आहे,” असा फैसला त्यांनी दुकानदारास ऐकवला, आणि डझनभर लाल-निळ्या पेन्सिली खरेदी करून परतले.

परंतु या करड्या अंमलदाराचे खरे मर्म ओळखले ते चाळीतील बायकांनी. अर्ज निर्दोष असला, की तात्या “ठीक आहे” एवढेच म्हणून तो परत देतात. मात्र त्यात एक जरी शब्द दुसऱ्याच्या जागी बसलेला आढळला, तर प्रथम अर्धा तास उद्धार, त्यानंतर कोरा फुलस्केप, नवे टाक, आणि साहेबाच्याही मनात भरावे अशा वळणदार अक्षरात संपूर्ण अर्जाचे पुनर्लेखन. प्रकरण अडलेले असल्यास स्वतः कचेरीत खेटा घालून कारकुनाशी रदबदलीसुद्धा. हे रहस्य उमगल्यापासून आमच्या चाळीत निर्दोष अर्ज लिहिणे हा अव्यवहार समजला जाऊ लागला. “सगळंच बरोबर लिहिलंस तर तात्या हात कशाला लावतील, मेल्या? घाल एक ‘ओ’ जास्त,” असे समोरच्या खोलीतील वहिनी मुलास बजावतात, आणि त्या जादा ‘ओ’पायी नोकरी ‘गमावण्याची’ भीती नोकरी ‘सैल’ होण्याची होऊन अर्ज मार्गी लागतो. अशा पेरलेल्या चुकांवर कोणाची फी माफ झाली, कोणा विधवेचे अडलेले पेन्शन सुटले, लालबागच्या एका गिरणीत कोणाचा मुलगा टाइमकीपर म्हणून चिकटला. आपण तात्यांना बेमालूम बनवतो, असा चाळीचा अनेक वर्षे ठाम समज होता.

गेल्या आठवड्यात त्याच वहिनींचा मुलगा अर्ज घेऊन आला. तात्यांनी चष्मा नाकावर सरकवला, एका शब्दावर पेन्सिल टेकवली, आणि उद्धार न करता म्हणाले, “डायरीच्या जागी डेअरी. अरे, महिन्यात तिसऱ्यांदा हीच? आईला म्हणावं, पुढच्या खेपेस ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ यांची अदलाबदल करून पाठव, त्यात जरा दम असतो. आणि आता खाली जाऊन दोन फुलस्केप घेऊन ये.”