टाकण्याची घाई

श्वासाकडे लक्ष द्या, असं सांगणारी माणसं हल्ली फार वाढली आहेत. योगवर्गाच्या बाई सांगतात, मोबाइलमधलं ध्यानाचं अ‍ॅप सांगतं, मनगटावरचं घड्याळसुद्धा मधूनच थरथरून तेच सुचवतं. मी सांगितलेलं ऐकणारा माणूस आहे. डोळे मिटतो, लक्ष देतो. आणि इतका वेळ कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला श्वास एकदम बावचळतो. आता आत घ्यायचा का? पुरे झाला का? आधी पोट की आधी छाती? झोपेत जो कारभार बिनबोभाट चालतो, तो माझ्या देखरेखीखाली पाच मिनिटं धड चालत नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेल्या इतरांची गतही फार वेगळी नसावी. अपवाद चौथ्या मजल्यावरच्या अप्पांचा. ते दुसऱ्याच मिनिटाला घोरू लागतात. घोरणं म्हणजे घशातल्या सैल पडलेल्या मऊ भागांची थरथर, फार झालं तर डॉक्टरांना दाखवावं, हे सगळं खरं. पण निदान त्यांचा श्वास त्यांना विचारून तरी चालत नाही.

विचारत बसला असता तर अवघडच होतं. मोठा माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे दिवसाचा आकडा वीस हजारांच्या आसपास जातो. दर खेपेला हवा जाते साधारण अर्धा लिटर. त्यातली दीडशे मिलिलिटर तर कामाच्या ठिकाणी पोचतच नाही; नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्या यांतच थांबते आणि आल्या वाटेने परत जाते. उरलेली जिथे पोचते तिथेही काटकसर अशी नाहीच. आत जाणाऱ्या हवेत प्राणवायू २१ टक्के, बाहेर येणारीत सुमारे १६. म्हणजे घेतलेल्यातला तीन चतुर्थांश आपण न वापरता परत करतो. लहानपणी आम्ही पानात एवढं टाकलं असतं, तर आईने पानावरून उठू दिलं नसतं. अर्थात हे टाकलेलं वाया जात नाही. बेशुद्ध माणसाला तोंडाने श्वास देतात, तेव्हा त्याला मिळतो तो दुसऱ्याने वापरून उरलेलाच प्राणवायू, आणि तेवढ्यावर त्याचा जीव तगू शकतो.

देवाणघेवाण होते ती वायुकोशांत. दोन्ही फुप्फुसांत मिळून हे तीस ते पन्नास कोटी असतात, आणि सगळ्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर जवळजवळ ७० चौरस मीटर जागा भरते. सवयीच्या भाषेत सांगायचं तर साडेसातशे चौरस फूट, तेही निव्वळ कार्पेट एरिया! पुण्यात एवढ्या जागेचा भाव ऐकला की श्वास अडकतो, आणि इथे ती प्रत्येकाच्या बरगड्यांमागे मेंटेनन्सशिवाय दिलेली आहे. वायुकोशातली हवा आणि शेजारच्या केशवाहिनीतलं रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. तिथे ना पंप, ना झडप. प्राणवायू हवेत जास्त, रक्तात कमी, म्हणून तो रक्ताकडे जातो. कार्बन डायऑक्साइडचं नेमकं उलट, म्हणून तो हवेकडे. तांबड्या पेशीला ही गल्ली ओलांडायला स्वस्थ बसलेल्या माणसात पाऊण सेकंद लागतो, आणि तिचं काम त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच उरकतं. उरलेला अर्धा सेकंद राखीव. सिंहगडाची शेवटची चढण आली, रक्त धावू लागलं, की तो कामाला येतो.

ही गल्ली पहिल्यांदा पाहिली ती इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगीने, १६६१ साली, बेडकाच्या फुप्फुसात, सूक्ष्मदर्शकाखाली. रक्त शरीरात फिरतं हे विल्यम हार्वेने १६२८ मध्येच छापून सांगितलं होतं. पण रोहिणीतलं रक्त नीलेत पोचतं कसं, तो मधला दुवा त्याला दाखवता आला नव्हता. माल्पिगीला तो दिसला तेव्हा हार्वेला जाऊन चार वर्षं झाली होती. विज्ञानात असं फार होतं, आणि दर वेळी मला उगाच चुटपुट लागते.

वायुकोशांची एक अडचण आहे. ते आतून ओले असतात, आणि पाणी आपलं पृष्ठ आकसायला बघतं. एकटं पाणीच असतं तर कोश मिटून चिकटले असते. म्हणून फुप्फुसं एक तेलकट पदार्थ तयार करून आतून त्याचा थर देतात. फार लवकर जन्मलेल्या बाळांकडे तो पुरेसा नसतो, हे मेरी एलन एव्हरी या डॉक्टरांनी १९५९ मध्ये दाखवलं. पण चार वर्षांनी खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षांचा, केनेडींचा, मुदतीआधी जन्मलेला मुलगा याच विकाराने दोन दिवसांत गेला, तेव्हा कुणाच्याही हाती औषध नव्हतं. आता तो पदार्थ औषध म्हणून थेट श्वासनलिकेत सोडतात.

एवढं करूनही काही कोश मिटतातच. त्यावरचा उपाय म्हणजे सुस्कारा. आपल्या नकळत दर पाचेक मिनिटांनी आपण एक दुप्पट मोठा श्वास घेतो आणि मिटलेले कोश पुन्हा उघडतात. घरातल्या वडीलधाऱ्या बायका पाटावर टेकता टेकता ‘हुश्श’ करतात, तेव्हा आपण समजतो, आता सुनेबद्दल काहीतरी निघणार. कधी कधी निघतंही. पण त्यातले बरेचसे सुस्कारे केवळ फुप्फुसांच्या देखभालीचे असतात, हे सुनांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

उचकीला मात्र असला काही बचाव मला सापडलेला नाही. श्वासपटल अचानक आकसतं, पाठोपाठ स्वरयंत्राचं दार बंद होतं, ‘उच्’ असा आवाज येतो, आणि शेजारी बसलेली मावशी विचारते, “कोण आठवण काढतंय गं?” या पटलाला हुकूम नेणारी मज्जातंतूची दोरी निघते मानेतून आणि छातीभर प्रवास करून खाली पोचते, एवढ्या लांबच्या वाटेत तिला कुठेही डिवचलं तरी उचकी लागू शकते. ठसक्याचं उलट आहे. घास चुकून वाऱ्याच्या वाटेला गेला की फुप्फुसं तो जिवाच्या आकांताने बाहेर फेकतात. शेजारच्या घरात सुक्या मिरचीची फोडणी पडली की आख्खा मजला खोकतो, ते याच शिस्तीत.

बाहेर फेकण्याची ही घाई ठसक्यापुरती नाही. श्वास कोंडला की जीव कासावीस होतो तो प्राणवायू कमी पडला म्हणून, असं आपण धरून चालतो. पण रोजच्या आयुष्यात प्राणवायूची फारशी चौकशी होतच नाही. मेंदूच्या तळाशी बसलेली यंत्रणा मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड पाहत असते. तो जरासा वाढला की लगेच श्वास खोल आणि भराभर. हे ब्रिटनमध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली या जोडीने १९०५ मध्ये मांडलं. यातला हॉल्डेन म्हणजे वायूंच्या प्रयोगांसाठी स्वतःला बंद खोलीत कोंडून घेणारा गृहस्थ. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्षी न्यायची सूचनाही त्याचीच.

गावाकडे विहिरीत बुडी मारून कोण जास्त वेळ तळाला राहतो, याच्या पैजा लागायच्या. त्यात एखादा शहाणा आधी भराभर श्वास घ्यायचा आणि आम्हाला वाटायचं, बेटा प्राणवायू साठवतोय. साठत जवळजवळ काही नसतं. साध्या श्वासानेच हिमोग्लोबिन काठोकाठ भरलेलं असतं. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. मग तक्रार करायला कुणी उरत नाही, आणि प्राणवायू संपत आला तरी गुदमरल्याचं कळत नाही. माणूस पाण्याखालीच शुद्ध हरपू शकतो. आमच्यातलं कुणी गेलं नाही, हे निव्वळ नशीब.

आणि वजन? कमी झालेली चरबी जाते कुठे, असा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या मीरमन आणि ब्राउन यांनी २०१४ मध्ये डॉक्टरांना आणि व्यायामशिक्षकांना विचारला. बहुतेक म्हणाले, तिची उष्णता होते. यांचा हिशेब वेगळा निघाला: दहा किलो चरबी जळली, तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, उरलेल्याचं पाणी होतं.

हे वाचून मी दिवाणखान्यात बसल्या बसल्या भराभर उच्छ्वास टाकून पाहिले. चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या. येणारच, पेशींनी आधी चरबी जाळायला हवी, नुसतं फुंकून फक्त रक्तातला साठा उतरतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. हे सगळं मी बायकोला सविस्तर समजावून सांगितलं.

“म्हणजे तुमचं पोट नाकातून जाणार?” तिने विचारलं.

“तत्त्वतः, हो.”

“मग नाक काही चोंदलेलं नाही तुमचं. दूध संपलंय. आणि लिफ्टने जाऊ नका.”