टोपीचा काठ आणि पक्षाचा चष्मा

२० जानेवारी २०२५. कडाक्याच्या थंडीमुळे ट्रम्प यांचा शपथविधी कॅपिटॉलच्या घुमटाखाली हलवला गेला. मेलानिया यांची रुंद काठाची टोपी मात्र डोक्यावरच राहिली. नवरोबा गालाचा मुका घ्यायला वाकले आणि काठालाच अडले. झालं! समर्थकांना त्यात रुबाब दिसला, विरोधकांना तटबंदी.

मिशेल ओबामा आल्याच नाहीत. त्याचाही कीस पडला.

राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींची ही झडती जुनीच. १९७७मध्ये रोझलिन कार्टर यांनी शपथविधीनंतरच्या नृत्यसोहळ्याला १९७१चाच निळा गाऊन घातला, तर नाकं मुरडली गेली: नवा शिवायला काय झालं होतं? चारच वर्षांनी नॅन्सी रेगन एका खांद्याच्या, मणीजडित पांढऱ्या गाऊनमध्ये अवतरल्या. तेव्हा महागाईत ही उधळपट्टी कशाला, म्हणून बोंब.