शिंगे, शेपूट आणि छत्तीस गुण

परग्रहावरचा पुरुष आणि पृथ्वीवरची स्त्री यांचे सूत जुळण्याची कथा सांगणाऱ्या कादंबऱ्यांना इंग्रजी ग्रंथव्यवहारात ‘सायन्स फिक्शन रोमान्स’ असे भारदस्त नाव असले, तरी त्यांतले सायन्स बहुधा पहिल्या प्रकरणात नायिकेला घरातून उचलून नेण्यापुरते आणि पुढे नायकाच्या शरीररचनेचे समर्थन करण्यापुरतेच हजेरी लावते, हे या प्रकाराच्या वाचकवर्गाला लवकरच कळून चुकते आणि त्याबद्दल त्याची काही तक्रारही नसते. सूर्य सोडला तर पृथ्वीला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी हा सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर असून ‘व्हॉयेजर १’ या यानाच्या वेगाने तेवढे अंतर कापायला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील, ही बाब खगोलशास्त्रज्ञाला चिंतेची वाटते. कादंबरीकर्तीला मात्र नायिका रात्री आपल्या खोलीत झोपली आणि जागी झाली ती यानात, एवढे एक वाक्य पुरते.

या कथांचा कणा म्हणजे ‘फेटेड मेट’, अर्थात नियतीने नेमून दिलेला जोडीदार. त्याच्या मागे ‘सोलमेट’ किंवा आत्मसखा ही बरीच जुनी कल्पना उभी आहे आणि तिचे मूळ शोधणारे अभ्यासक प्लेटोच्या ‘सिंपोझियम’पर्यंत जातात. त्या ग्रंथात अ‍ॅरिस्टोफेनिस हा विनोदी नाटककार असे सांगतो की आरंभी माणसे चार हात, चार पाय आणि दोन तोंडे असलेली, अंगाने गोल अशी होती, त्यांचा माज वाढल्यामुळे झ्यूस देवाने प्रत्येकाचे दोन तुकडे केले आणि तेव्हापासून प्रत्येक तुकडा आपला दुसरा तुकडा शोधत फिरतो. प्रेमिक मंडळी या गोष्टीतला तुकड्यांचा भाग तेवढा आवडीने सांगतात. घाईच्या वेळी ही मूळ माणसे आठही अवयवांवर कोलांट्या मारत जात असत, हा भाग बहुधा गाळला जातो. तो जमेस धरला तर आत्मसख्याची कल्पना जन्माला आली तीच मुळी परग्रहवासी शोभेल अशा एका प्राण्याच्या पोटी, हे मान्य करावे लागते.

आजच्या काळातले या प्रकाराचे गाजलेले उदाहरण म्हणून ‘आइस प्लॅनेट बार्बेरियन्स’ या कादंबरीकडे बोट दाखवता येते. रूबी डिक्सन हे टोपणनाव घेतलेल्या अमेरिकन लेखिकेने ती २०१५ मध्ये स्वतःच भागाभागांनी प्रसिद्ध केली. २०२१ मध्ये टिकटॉकवरच्या वाचकांनी तिला डोक्यावर घेतले आणि त्याच वर्षी बर्कली या प्रकाशनसंस्थेने ती छापील स्वरूपात नव्या मुखपृष्ठासह बाजारात आणली. कथा अशी की जॉर्जी नावाच्या तरुणीला आणि तिच्यासारख्याच आणखी काही जणींना ठेंगणे हिरवे परग्रहवासी पळवून नेतात, वाटेत यानात बिघाड होतो, तेव्हा चोर लोक मालाचा डबा बायकांसकट एका बर्फाळ ग्रहावर सोडून चालते होतात आणि मदत शोधायला बाहेर पडलेली जॉर्जी एका शिकाऱ्याने जनावरांसाठी लावलेल्या फासात उलटी लटकते. हा शिकारी म्हणजे वेक्टल. तो सुमारे सात फूट उंच, वर्णाने निळा, डोक्याला वळणदार शिंगे, मागे शेपूट, डोळ्यांत निळसर उजेड आणि हुद्द्याने टोळीचा मुख्य आहे. त्याच्या देहाचे आणखीही काही विशेष मूळ ग्रंथात विस्ताराने दिलेले असले, तरी प्रस्तुत विवेचनाला त्यांची गरज नाही. जिज्ञासूंनी ते स्वतः पाहावेत आणि ते पाहतातच, असा प्रकाशकांचा अनुभव असावा.

येथे लेखिकेने एक फार हुशारीची योजना केली आहे. त्या ग्रहाची हवा विषारी असल्याने तेथे जगायचे तर छातीत ‘खुई’ नावाचा एक सहजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याचा उपकारकर्ता होणारा जीव, बाळगावा लागतो. त्याच्याविना पाहुण्या बायका काही दिवसांतच मरतील. या खुईला दुसरेही एक काम आहे. योग्य जोडीदार समोर आला की ती छातीत गुरगुरू लागते आणि त्या जोडीदाराच्या छातीतली खुई तिला साथ देते, याला कादंबरीत अनुनाद म्हटले आहे. भौतिकशास्त्रात एका वस्तूच्या कंपनाने तिच्याच वारंवारतेची दुसरी वस्तू आपणहून जोराने कंप पावू लागते, त्याला अनुनाद म्हणतात. वेक्टलच्या टोळीत त्याच शब्दाचा अर्थ साखरपुडा, लग्न आणि बाळंतपणाची आगाऊ नोंदणी असा एकत्रित होतो. कारण खुई जोडी जुळवते ती संततीकडे लक्ष ठेवून, आणि एकदा ती वाजू लागली की दोघांच्या मताला फारसे महत्त्व उरत नाही.

पाश्चात्त्य वाचकाला ही व्यवस्था अद्भुत वाटते. मराठी वाचकाला ती ओळखीची वाटली तर त्याचा दोष नाही. पत्रिका जुळवताना वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट आणि नाडी अशा आठ कूटांचे मिळून छत्तीस गुण मोजण्याची आणि निदान अठरा जमले तर पुढे बोलणी करण्याची जी पद्धत आहे, तिच्यात देवगण आणि मनुष्यगण यांच्या जोडीला राक्षसगणाचीही सोय पूर्वीपासून असल्यामुळे शिंगे असलेल्या स्थळाचा विचार तत्त्वतः तरी झालेलाच आहे. फरक पडतो तो नाडीपाशी. ज्योतिषाच्या मते वधूवरांची ‘एक नाड’ असणे हा मोठा दोष असून त्याने संततीची काळजी उत्पन्न होते. खुईच्या मते दोघांच्या छातीत एकच ठोका वाजणे हीच संततीची हमी होय. शिवाय खुईकडे साडेसतरा गुणांवर अडलेले प्रकरण, शांत करून घेण्याचा उपाय किंवा दुसऱ्या ज्योतिषाचे मत असला काही प्रकार नाही. ती वाजते किंवा वाजत नाही.

साम्य येथे संपत नाही. या कादंबऱ्यांची नायिका ज्याला नीट ओळखत नाही अशा पुरुषाशी, तिसऱ्याच शक्तीने जुळवून दिल्यामुळे, बांधली जाते. मग ती त्याच्या वस्तीवर राहायला जाते, तेथली भाषा, तेथले नातेसंबंध, तेथली थंडी आणि तेथले जेवण अंगवळणी पाडते, आणि ही सारी उस्तवार चालू असताना तिचे त्याच्यावर प्रेम बसते. आधी लग्न, मग ओळख, हा क्रम ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या पाहिला त्याला सांगण्यासारखे यात नवे एवढेच, की माहेर कित्येक प्रकाशवर्षे दूर असल्याने पहिल्या दिवाळसणाचा प्रश्न निकालात निघतो. स्वतःचा जोडीदार स्वतः निवडण्याचे स्वातंत्र्य ज्यांनी भांडून मिळवले, त्याच समाजातल्या वाचकांनी फुरसतीच्या वेळी ठरवून केलेल्या लग्नाच्या गोष्टी एवढ्या गोडीने वाचाव्यात, ही गोष्ट समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी.

जीवशास्त्राचे मत या बाबतीत अर्थातच प्रतिकूल आहे. घोड्याची ६४ आणि गाढवाची ६२ गुणसूत्रे एकत्र येऊन ६३ गुणसूत्रांचे खेचर जन्मते आणि ते बहुधा वांझ निघते, एवढ्या जवळच्या नात्यातही जिथे ही अडचण, तिथे वेगळ्या सूर्याखाली स्वतंत्रपणे घडलेल्या जीवाशी माणसाचा वंश चालेल ही आशा धरण्यापेक्षा अंगणातल्या अळूशी सोयरीक करणे शास्त्राला अधिक पटेल, कारण अळू निदान पृथ्वीवरचे तरी आहे. मात्र आत्मसख्याची कल्पना निसर्गाला अगदीच अपरिचित आहे असे नव्हे. माशांच्या कल्ल्यांवर जगणारा डिप्लोझून नावाचा चपटा कृमी तरुणपणी दुसऱ्या कृमीला भेटतो तेव्हा दोघांची शरीरे मध्यभागी कायमची जुळतात, आणि प्लेटोच्या ग्रंथातल्या तुटलेल्या माणसांना जे साधले नाही ते या जोडीला साधते. खोल समुद्रातल्या काही अँगलर माशांत चिमुकला नर विशालकाय मादीच्या अंगाला चावून चिकटतो, त्यांचे रक्ताभिसरणही एक होते आणि उरलेले आयुष्य तो तिच्याच अन्नावर काढतो. एकनिष्ठ, अबोल, जेवणाच्या वेळांबद्दल कधीही तक्रार न करणारा असा हा पती असूनही त्याला नायक करण्याचा मोह कोणत्याही लोकप्रिय लेखिकेला झालेला दिसत नाही. शिंगे आणि शेपूट चालते, पण निदान खांदे रुंद हवेत.

या वंशावळीत पुरुष लेखकांचाही हात आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. एडगर राइस बरोज याची ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ ही कथा १९१२ मध्ये मासिकातून क्रमशः आली; तिच्यात व्हर्जिनियाचा जॉन कार्टर मंगळावर पोहोचतो, देजा थोरिस या तांबूस वर्णाच्या राजकन्येच्या प्रेमात पडतो, तिथल्या रीतीची माहिती नसल्यामुळे भलत्या वेळी भलते संबोधन वापरून तिला दुखावतो, पुढे तिच्याशी लग्न करतो आणि शेवटी उबवणीला ठेवलेल्या आपल्या अपत्याच्या, म्हणजे अंड्याच्या, चिंतेत राहतो. सासऱ्यांनी या अंड्याबद्दल काय म्हटले याची नोंद नाही. सप्टेंबर १९६७ मध्ये प्रसारित झालेल्या ‘स्टार ट्रेक’च्या ‘अमॉक टाइम’ या भागात अत्यंत तर्कनिष्ठ मिस्टर स्पॉकला ‘पॉन फार’ ही अवस्था प्राप्त होते, म्हणजे दर सात वर्षांनी त्याच्या व्हल्कन जमातीतल्या पुरुषाला जोडीदारिणीकडे परतावे लागते, नाहीतर जीव जातो. शरीरच प्रेमाची मुदत ठरवते आणि मुदत चुकली तर मरण ओढवते, ही युक्ती पुढच्या लेखिकांना फार उपयोगी पडली. कॅथरीन असारो या हार्वर्डच्या पदवीधर शास्त्रज्ञ लेखिकेने तर ‘द क्वांटम रोझ’मध्ये नायिकेच्या ठरलेल्या लग्नात परग्रहावरचा पुरुष अधिक मोठा हुंडा मोजून आडवा येतो अशी कथा घेतली, तिची रचना पुंजभौतिकीतल्या प्रकीर्णन सिद्धान्तावर, म्हणजे कण एकमेकांवर आदळून कसे विखुरतात हे सांगणाऱ्या गणितावर, बेतली आणि २००१ चे नेब्युला पारितोषिक मिळवले. हुंडा पुरुषाने द्यायचा, हा त्यातला सर्वांत विज्ञानकाल्पनिक भाग म्हणावा लागेल.

असे असले तरी वाचक या पुस्तकांत रमतात ते हुंड्यामुळे नव्हे आणि शिंगांमुळेही नव्हे. परग्रहवासी नायकाचा मोठा गुण असा की त्याला काहीच ठाऊक नसते. त्याने पृथ्वीवरचे चित्रपट पाहिलेले नसतात, मित्रांकडून बायकांविषयीचे ज्ञान गोळा केलेले नसते, आईच्या हातच्या चवीशी तुलना करण्याची सवय त्याला नसते. त्यामुळे ही लहानशी, बिनशिंगी, सतत कुडकुडणारी बाई डोळ्यांतून पाणी का काढते, कच्चे मांस पाहून तोंड का फिरवते आणि चांगले मांस विस्तवावर धरून का बिघडवते, हे त्याला निरीक्षणाने किंवा विचारून समजून घ्यावे लागते. तो विचारतो. उत्तर ऐकतो. दुसऱ्या दिवशी ते त्याच्या लक्षातही असते. पृष्ठसंख्येचा पुष्कळ भाग या विचारपुशीत जातो आणि बारकाईने पाहिले तर खुईची योजनाही त्यासाठीच आहे, कारण ‘हा माझा की नव्हे’ हा प्रश्न छातीतल्या किड्याने एकदाचा सोडवून टाकला की लेखिकेला ‘आता याच्याशी राहायचे कसे’ या अधिक किचकट प्रश्नाकडे वळता येते. नियती नायिकेच्या संमतीला विचारत नाही, हा टीकाकारांचा आक्षेप खोटा नाही. पण नियतीने न विचारलेले सगळे नायकाला विचारायला लावून ही कादंबरी त्या आक्षेपाची बरीचशी भरपाई करते. ‘आइस प्लॅनेट बार्बेरियन्स’ची मालिका होऊन तिचे वीसहून अधिक भाग निघाल्यामुळे पुढेपुढे नायक एकमेकांत मिसळून जातात आणि निळ्या रंगाच्या छटांवरून त्यांना ओळखायचे काम वाचकावर पडते, हेही खरे.

भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्येच बंदी आल्यामुळे २०२१ ची ती लाट येथील वाचकांपर्यंत त्या वाटेने पोहोचू शकली नाही. पण ई-वाचकयंत्राला मुखपृष्ठ दाखवण्याची सक्ती नसते, ही सोय बंदीच्या आवाक्याबाहेरची आहे. गर्दीच्या लोकलमध्ये गंभीर चेहऱ्याने करड्या पडद्यावर नजर खिळवून बसलेली बाई कर कायदा वाचते आहे की वेक्टलच्या गुहेत पोहोचली आहे, हे शेजारणीला सांगता येत नाही. तरुण वाचकांत मिसळू पाहणाऱ्या ज्येष्ठांना येथे शिंगे मोडून वासरांत शिरावे लागत नाही. शिंगांचा मान येथे उलट वाढतोच.

वेक्टल या नावाशी यमक जुळवून उखाणा घेणे कोणत्याही नववधूला जड जाईल. बर्फाळ ग्रहावर ती रीत नाही, पण नावांचा विचार तेथेही होतो आणि तो एका मराठमोळ्या सवयीच्या फार जवळ जातो. पतिपत्नीच्या नावांतली अक्षरे जोडून बंगल्याचे किंवा बाळाचे नाव सिद्ध करण्याची जी हौस महाराष्ट्रातल्या सुशिक्षित घरांत दिसते, तीच या टोळीतल्या मिश्र दांपत्यांनाही जडलेली आहे. राहोश आणि लिझ यांच्या मुलीचे नाव राशेल, रुख आणि हार्लो यांच्या मुलाचे रुखार, येथवर सारे ठीक चालते. पण पाशोव आणि स्टेसी या जोडप्याने बरीच जुळवाजुळव करून मुलाचे नाव पेसी ठेवले आणि त्यात इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे आईची तीन आणि बापाचे एकच अक्षर आले, तरी सात फुटी बापाने हूं का चूं केले नाही.