शिष्यवृत्तीचा लीडर

एस.वाय.ला पोचेपर्यंत हा मुलगा साधा असतो. रविवारी सिंहगड, वर गेल्यावर पिठलं-भाकरी, दही, की संध्याकाळी घरी. मग कुठल्या तरी गडावर त्याला कोर्स केलेला एक दादा भेटतो, आणि पुढच्या आठवड्यापासून याच्या काखेत प्लास्टिकची फाईल दिसू लागते. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स, 28 दिवस. फी, रेल्वेभाडं, बूट, लोकरीचे कपडे यांची बेरीज ऐकून वडील पेपर उघडून चेहऱ्यासमोर धरतात. राहता राहिली शिष्यवृत्ती.

एनसीसीत असता तर नाव लागून सरकारी खर्चाने जाता आलं असतं. पण पहाटेच्या परेडला उठवत नाही म्हणून ती याने पहिल्याच वर्षी सोडलेली असते. हिमालयातही पहाटेच उठवतात, ही बातमी त्याच्यापर्यंत अजून आलेली नसते.

मग ट्रेकिंग क्लब, ज्ञातिमंडळ, ट्रस्ट, नगरसेवक, दूरचे श्रीमंत मामा असे सगळे दरवाजे वाजवून होतात. प्रत्येक अर्जात एक रकाना ठरलेला: 'आपल्या नेतृत्वगुणांची माहिती द्या.' इथे याची प्रतिभा बहरते. कॉलेजच्या ट्रेकला राजमाचीची वाट चुकवलेली असते, त्याचं 'पर्यायी मार्गाचा शोध' होतं. ढोल-पथकात कोणाचा तरी ताशा धरून उभा राहिलेला असतो, त्याचं 'शंभर जणांचं समन्वयन'. शिफारसपत्र सरांचं, मजकूर याचा. सर सही करतात आणि कागद परत देताना विचारतात, "तू कुठल्या डिव्हिजनचा रे?"

मुलाखतीला ट्रस्टचे काका असतात. "डोंगर चढून पुढे काय?" ओठावर आलेलं 'उतरायचं' हे खरं उत्तर गिळून तो 'टीमवर्क' म्हणतो. बचेंद्री पाल याच संस्थेत शिकल्या आणि 1984 साली एव्हरेस्टवर पोचल्या, हे तो न विचारता सांगतो. काका खूश होतात, चेक निघतो, फोटो निघतो. फोटोत चेक मोठा आणि मुलगा लहान दिसतो.

घरी आई डिंकाचे लाडू वळते. जोखमीच्या हमीपत्रावर पालकांची सही लागते. वडील ते तीनदा वाचतात, सही करतात आणि बायकोला सांगतात, "काही नाही गं, फीची पावती आहे."

उत्तरकाशीत पोचल्यावर घोटाळा लक्षात येतो. सात-आठ जणांच्या गटाला तिथे रोप म्हणतात, आणि याच्या रोपमधले निम्मे असेच रकाने भरून आलेले. सगळे लीडर! रोप लीडर मात्र आसामचा एक अबोल मुलगा होतो. हा त्याला तेखलाच्या कातळावर तीन सूचना देतो. चौथीच्या आत उस्तादांचा आवाज येतो, "महाराष्ट्र, बातें कम करो, पानी भर के लाओ." पुढे तेल नावाच्या मुक्कामाकडच्या चढावर पाठीवरची सॅक बोलायला लागते आणि हा गप्प होतो. डोकरानी बामक हिमनदीवर बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे काटे, बांधायची वेळ येते तेव्हा याची बोटं गारठलेली असतात. पट्टे आवळून देतो तो आसामचाच मुलगा, एक शब्द न बोलता.

उत्तरकाशीची संस्था 1965 सालची. त्याच वर्षी अमेरिकेत, वायोमिंगमध्ये, पॉल पेट्झोल्ट या गिर्यारोहकाने रानावनात नेतृत्व शिकवणारी 'नॉल्स' ही शाळा काढली. तिथे नेतृत्वाच्या चार भूमिका शिकवतात, आणि त्यातली एक चक्क नीट मागून चालण्याची आहे. लीडर दुसरा असेल तर त्याला साथ द्यायची, शंका असेल तर तोंडावर विचारायची, आणि ठरलं की कुरकुर न करता ओझं उचलायचं. आमच्या होतकरूला हे कोणी सांगितलं असतं तर त्याने त्यावरही लिहिलं असतं: 'मागून चालण्यात मी नेहमीच आघाडीवर असतो.'

परत येतो तो नाकाची साल निघालेला आणि 'बी' ग्रेड घेऊन. अॅडव्हान्स कोर्सला 'ए' लागते. 'बी'चं कारण हवामान. त्यानंतर घराला स्वास्थ्य नाही. जिन्याला तो 'हाइट गेन' म्हणतो. भाजी आणायला निघण्यापूर्वी आईला ब्रीफिंग देतो. चुलतबहिणीच्या लग्नात मांडवाची दोरी याने अशा गाठीने बांधली, की मांडववाल्याने शेवटी कोयता मागवला.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. पूर्वी हा गडावर सगळ्यांच्या आधी पोचून खालच्यांना हाका मारायचा. आता सर्वांत शेवटी, दम लागलेल्या काकूंबरोबर चालतो आणि त्यांची पिशवी घेतो. वाटभर डोकरानी बामकची गोष्ट सांगतो हे खरं, पण पिशवी घेतो.

तेव्हा ट्रस्टच्या काकांना विनंती: चेक देत राहा. फक्त पुढच्या वर्षीच्या अर्जात नेतृत्वगुणांचा रकाना निम्मा करा आणि उरलेल्या जागेत विचारा, 'गेल्या वर्षभरात कोणाचं ऐकलंत?' पुरावा म्हणून आईची सही घ्या. शिफारसपत्रासारखी ती मिळायची नाही.