सगळ्यांनाच गेलेला मेल

"काय गं मनीषा, तुलाही आला का तो मेल? म्हणे मेंटेनन्स थकलाय, सात दिवसांत भरा! एक तारखेला भरलाय मी, पावती आहे घरात."

"सगळ्यांनाच आलाय काकू. सेक्रेटरींच्या पुतण्यानं सोसायटीच्या साइटवर पीएचपीत स्क्रिप्ट लिहिलीय. बाकी असेल त्यालाच मेल जायला हवा होता. काल मी कोड मागवून बघितला."

"मग? काय दिवे लावलेत?"

"अट घातलीय, बाकी = १. बरोबरचं चिन्ह एकदाच. पीएचपीत एकदा टाकलं की त्याचा अर्थ 'बाकीत एक ठेव'. बाकी आहे का, असं विचारायचं तर चिन्ह दोनदा हवं. यानं विचारलंच नाही, प्रत्येकाच्या नावावर बाकी टाकून मोकळा! मग अट खरीच ठरणार."

"म्हणजे चौकशीआधीच निकाल. कोपऱ्यावरच्या वहिनींसारखं."

"हळू बोला, त्या अंगणातच आहेत! आणि पीएचपी यावर कुरकुरही करत नाही. म्हणून काही जण उलटं लिहितात, आधी आकडा, मग नाव. एक चिन्ह गळलं तर स्क्रिप्ट तिथंच अडते."

"बरं, पण मला दोनदा का आला?"

"पान उघडलं की मेल सुटतो, असं करून ठेवलंय. सेक्रेटरींनी पान रिफ्रेश केलं, झालं! मेल गेला की तशी नोंद ठेवायची आणि अटीत तीही तपासायची, एवढं केलं असतं तर हे टळलं असतं."

"आणि दामल्यांना म्हणे आलाच नाही. मौज आहे!"

"स्क्रिप्ट तर म्हणते, पाठवला. पण पीएचपीचं मेल फंक्शन 'खरं' म्हणालं, तर त्याचा अर्थ एवढाच की सर्व्हरवरच्या मेलच्या प्रोग्रॅमनं तो ताब्यात घेतला. पोचला असा नाही. दामल्यांनी दिलेला पत्ता ऑफिसचा, ते रिटायर झाल्यावर तो बंद झाला. परत आलेले मेल बघायला कुणाला वेळ आहे?"

"म्हणजे भरणाऱ्यांना दोन-दोन मेल आणि बुडवणारा निवांत! थांब, दामलेबाई भाजी घ्यायला निघाल्यात, आत्ताच विचारते, आठ महिन्यांचे पैसे कधी देताय."

"काकू, त्यांची बाकी रजिस्टरमध्ये बघितलीत का तुम्ही?"

"त्यात बघायचं काय? सगळी गल्ली म्हणते!"